पूर्वाच्या डाव्या पायातली चप्पल

मी पूर्वाची चप्पल बोलतेय, डाव्या पायातली. उजवी जरा अबोल आहे, म्हणून दोघींचं मीच सांगते.

बिबवेवाडीतल्या दुकानात आम्हाला बघून सात वर्षांच्या पूर्वाने "निळीच हवी!" म्हणत तिथेच फतकल मारली. मग काय, जिना, गच्ची, सगळीकडे आमची फटक फटक! अंगठा आणि शेजारच्या बोटात ती मला अशी धरायची, की पळतानाही माझी सुटायची बिशाद नव्हती.

मग एकदा तिचं पोट बिघडलं, बरंही झालं. त्यानंतर मात्र मी सारखी पायातून निसटायला लागले.

"आई, पायाला मुंग्या येतात गं."

"मांडी घालून मोबाईल बघतेस, येणारच. पाय उचलून चाल."

"राणीसरकारांना पालखी मागवू का?" बाबा म्हणाले.

अहो, बोटं बिचारी धरायला बघत होती, त्यांना जमतच नव्हतं! पण चपलेचं कोण ऐकतं?

आई मायेची. लहान बाळांच्या चपलांना असतं तसं तिने आम्हा दोघींना मागून इलॅस्टिक शिवलं. माझं पडणं थांबलं आणि सगळे निश्चिंत झाले. पाय मात्र आणखी दुबळे होत होते.

एका सकाळी पूर्वा जिन्यात मटकन बसली. तिला उठताच येईना. बाबांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हललाच नाही.

"आजाराशी लढणारी शरीराची ताकदच हिच्या नसांवर उलटलीय," ते म्हणाले. "बरी होईल, पण वेळ लागेल. आधी काही जाणवलं नाही?"

आईने इलॅस्टिककडे पाहिलं आणि ती हमसून रडली.

पुढे कित्येक महिने मी स्टँडवर धूळ खात पडले. दारात बाबांचे बूट वाजायचे, आईच्या सँडल वाजायच्या. मला मात्र त्या इवल्या बोटांची पकड हवी होती. फार आठवण यायची हो!

परवा पूर्वा भिंत धरत धरत स्टँडपाशी आली.

"आई, हे इलॅस्टिक काप."

"पडशील गं."

"काप ना!"

आईने कापलं. पूर्वाने पाय सरकवला. बोटं थरथरली, आणि त्यांनी मला धरलं! पार दारापर्यंत सोडलं नाही. टाच तेवढी माझ्याबाहेर आली होती. पाय वाढलाय तिचा.

आता नवी जोडी येईल. येऊ दे बाई. फक्त तिला कुणी बांधू नका. निसटायला लागली, तर आधी पाय बघा.