देवीची पेटी

नागोराव घरी येताच धनसिंगनं अंगणातच मोबाइलवरचा फोटो पुढं केला. "नागोभाऊ, ही आमच्या घरची देवी. आजानं गोऱ्याच्या छावणीतून पेटी आणली, तवापासून कोनी उघडली नाही. वर काय लिवलं हाये, तेवढं सांग."

नागोरावनं फौजेच्या दारूगोळा भांडारात बावीस वर्षं काढली होती. फोटोत हिरव्या लोखंडावरची पिवळी अक्षरं पुसट झाली होती, पण छत्तीसचा आकडा दिसताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"देवी कायची, येड्या! छत्तीस नंबरचे हातगोळे हायेत यात, बारा नग. सील शाबूत हाये, म्हणजे भरलेलीच. आन् हे झाकण इतकं काळं काहून पडलं?"

"भोगानं. सणावाराला झाकणावरच निखारे ठेवतो, त्यावर तूप-लापशी वाहतो. आजवर काही झालं नाही."

"आजवरचं सोड! धग खाऊन खाऊन आतला माल पार बिघडला असंन. कोनी हात लावू नका, पोलिसाले फोन लाव."

तेवढ्यात घरातून जळत्या तुपाचा वास आला, आणि पाठोपाठ धनसिंगच्या बायकोची, रुपीबाईची, हाक आली.

"या ना आत! पाहुणे आले म्हणून आज दुप्पट निखारे ठेवले."