शांततेचा आग्रह

आगाश्यांचा कांदा अर्धाच चिरून झाला होता. तेवढ्यात कुकरची पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतला माणूस धावत येऊन त्यांच्या अंगावर कोसळला.

नाक दगडावर आपटलं. चष्मा कुठे गेला कळलं नाही. पाठीत गुडघा, मानेवर कोपर. फ्रीमाँटहून निघून चार दिवस त्यांनी नेवाडा आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात एकट्याने गाडी हाणली होती, ती फ्लॅगस्टाफच्या वरच्या पाइनच्या जंगलातली ही जागा मिळावी म्हणून. शेजार एकच, टायलर नावाचा तिशीतला तरुण. सकाळी हात मिळवून त्याने आवाज नको एवढीच विनंती केली होती. शांततेचा आग्रह धरणारा शेजारी आगाश्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. कुकर घ्यायचा आग्रह मात्र बायकोचा, मीनाक्षीबाईंचा. बाहेरचं खाऊन पोट बिघडवून आलात तर शांतता मला मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

आता तोंडात माती आणि रक्त होतं. श्वास घेता येईना. ओरडायला गेले तर टायलरने त्यांचं तोंड आणखी जमिनीत दाबलं. सुरी मात्र हातातच राहिली होती. एकसष्ट वर्षांत आगाश्यांनी झुरळसुद्धा दुसऱ्याकडून मारून घेतलं होतं. त्यांनी हात मागे नेला आणि सुरी लागेल तिथे खुपसली. ती मांडीत गेली. त्यांनी ती ओढून काढली आणि पुन्हा खुपसली.

टायलर हलला नाही.

दुसरी शिट्टी झाली. तसं ते अख्खं धिप्पाड शरीर थरथरलं, आणि दोन तळहात आगाश्यांच्या डोक्यावर घट्ट बसले.

“खाली राहा, सर,” तो त्यांच्या कानात म्हणाला. “मी आहे. तुम्हाला काही होऊ देणार नाही.”

आगाश्यांच्या हातातून सुरी सुटली.

“अरे बाबा, डाळ आहे ती,” ते मातीतच म्हणाले. मग तेच इंग्रजीत.

त्यांनी गॅस बंद केला, आपला शर्ट फाडून त्याची मांडी बांधली. टायलरला इराकच्या लढाईवरून परतून आठ महिने झाले होते. तिथे तोफेचे गोळे असेच शिट्टी वाजवत यायचे. मला असे झटके येतात हे घटस्फोटाच्या कोर्टात कळलं तर माझ्या मुलीला मला भेटू देणार नाहीत, एवढंच तो म्हणाला.

फेरीवर निघालेल्या रेंजरबाईंची जीप तेव्हाच वळणावर आली. रक्त, सुरी आणि सावळा माणूस अशा क्रमाने त्यांनी पाहिलं. हात पिस्तुलाकडे गेला.

“कांदा चिरताना निसटली,” टायलर म्हणाला. “माझ्याच हातून.”

“दोनदा?”

आगाश्यांची नागरिकत्वाची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा केला आहे काय, असा त्या अर्जात एक प्रश्न असतो. तिथे त्यांनी सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

“मी मारली,” आगाशे म्हणाले. “हा मला वाचवत होता.”

“कशापासून?”

टायलर बुटांकडे पाहू लागला.

“ते मला सांगता येणार नाही,” आगाशे म्हणाले, आणि एक पाऊल बाजूला सरकून कुकरच्या पुढे उभे राहिले.