अर्धा नंबर कमी

पाय ठेवा, ठेवा, लाजू नका. मोजा फाटका असला तरी चालेल. बोलतोय तो मीच, तुमच्या पायाखालचं लाकडी पायमाप. बुटांच्या दुकानात स्टुलाजवळ जमिनीवर पडून असतो, म्हणून सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. मला शाळा नाही. अंगावर कोरलेत तेवढेच आकडे मला येतात, एकपासून तेरापर्यंत, आणि मध्ये मध्ये अर्ध्याची बारीक रेघ. बाकीचं जग मी तुमच्या पायांवरून शिकलो.

दाराच्या चौकटीतून उरलेला एक तुकडा होतो मी. मालकांनी नवं दुकान घातलं तेव्हा भिंतीला फळ्या ठोकायला सुतार आला होता. जाता जाता त्याने मला उचललं आणि म्हणाला, "हा कशाला वाया घालवता? पाय मोजायला होईल की." एका टोकाला त्याने टाच अडवायला वाटीसारखा खोलगट ठोकळा बसवला, दुसऱ्या बाजूने अंगठ्यापर्यंत सरकणारी पट्टी. त्या दिवशी तो मुकाट्याने निघून गेला असता तर माझं सरपण झालं असतं. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

तीस वर्षं मालक माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. प्रत्येक पायाला त्यांचं एकच बोलणं, "टाच मागे, टाच मागे." मग पट्टी हलकेच पुढे सरकवायची. माणसं तोंडाने काहीही सांगतात हो. "मला सहाच लागतो," म्हणणारीचा पाय सात भरायचा. बायका बोटं आखडून घेतात, पुरुष ताणून धरतात. मी कोणाला हसलो नाही. दिवसभराचा थकलेला पाय विश्वासाने आपल्या अंगावर टेकतो, ही काय लहान गोष्ट आहे?

पण लाकूडच ते. हजारो टाचा एकाच जागी टेकून माझी वाटी झिजली. पाय जरा मागे जाऊन बसू लागला आणि पट्टी अर्धा नंबर कमी दाखवू लागली. गंमत अशी, की हे मालकांच्या हाताला कळलं, तोंडाला कळलंच नाही. पट्टीवर सात दिसले की तोंड "सात" म्हणायचं आणि हात साडेसातचं खोकं काढायचा. गिऱ्हाईक दोन पावलं चालून बघायचं, "अगदी बसला!" म्हणायचं आणि पैसे देऊन जायचं. खोक्यावरचा आकडा कोण वाचतो?

मग फोनवरून जोडे मागवायचे दिवस आले.

लोक दुकानात येत, माझ्यावर पाय ठेवत, चार जोडे घालून बघत. पट्टीवरच्या आकड्याचा फोटो काढत आणि "विचार करून सांगतो" म्हणून जात. किंमत दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक होता तो कराचा. आमच्या पावतीवर खाली कराची एक ओळ असे. ते पैसे मालकांचे नव्हेत, सरकारात भरायचे. लांबच्या कंपनीचं इथे दुकान नाही, म्हणून तिला तो कर घ्यावाच लागत नसे. कायद्याने म्हणे घेणाऱ्यानेच तो मागाहून आपणहून भरायचा होता. पण आपणहून कोण भरतो?

एकदा दवाखान्यातली एक नर्सबाई आली. दिवसभर उभं राहायचं काम, टाचा दगडासारख्या झालेल्या. मालकांनी चांगला अर्धा तास घालवून तिला मऊ तळव्याचा जोडा शोधून दिला. तिने एकूण किती होतील ते विचारलं, मालकांनी कागदावर मांडून दाखवलं आणि कराच्या आकड्यावर तिची नजर थांबली.

"एवढ्यात मोज्यांचे दोन जोड येतील," ती पुटपुटली. मग मान खाली घालून म्हणाली, "पट्टीवर साडेसहा होते ना?"

"साडेसहा," मालक म्हणाले. खरंच म्हणाले. तेवढेच होते पट्टीवर.

ती गेल्यावर मालकीणबाई हिशोबाच्या टेबलामागून बोलल्या, "कर नाही त्याला डर कशाला! तुम्ही बसा पाय चोळत लोकांचे."

"अगं, त्या म्हणीतला कर वेगळा."

"म्हण जुनी, कर नवा. पण बसतोय की नाही बरोबर? तुमच्या बुटांपेक्षा बरा बसतोय."

मालक हसले, पण ओठांनीच. त्यांनी मापासाठी कधी पैसे घेतले नाहीत. "पाय बघायचे काय पैसे घ्यायचे?" म्हणत. शेवटी नवा माल भरायला पैसे उरेनात आणि फळ्या रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. उरलेले आडनिड्या मापाचे, फार रुंद, फार अरुंद जोडे मालकीणबाईंनी इंटरनेटवर विकायला काढले आणि लांबलांबची गिऱ्हाइकं त्यांना मिळालीसुद्धा.

तेवढ्यात नियम बदलला. इंटरनेटवरून घ्या नाहीतर दुकानातून, कर सारखाच. विकणाऱ्यानेच तो घ्यायचा आणि भरायचा.

"झाला एकदाचा न्याय," मालक म्हणाले.

"तुमचा झाला, माझ्या डोक्याला ताप झाला!" बाई फणकारल्या. त्यांचंही खरं होतं. त्यांची गिऱ्हाइकं दहा मुलखांतली, प्रत्येक मुलखाचा कर निराळा, कुठे लहान मुलांच्या बुटांना माफी, कुठे नाही. मोठ्या कंपनीकडे हे करायला मशीन आणि माणसं. बाईंकडे एक चष्मा आणि एक वही. "हत्तीला नि मुंगीला एकच ओझं दिलं यांनी," त्या म्हणायच्या. पण वही लिहायच्या.

आणि नियम आला म्हणून काही दारात रांग लागली नाही. सवय जडली होती लोकांना. मालकांनी एका पाटीवर रंगाने लिहिलं, "दुकान महिनाअखेर बंद होत आहे." रंग वाळायला पाटी माझ्याजवळच भिंतीला टेकवून ठेवली. मी ती वाचू शकत नव्हतो, शब्द मला मागाहून कळले. पण मालकांनी त्या दिवशी मला दोनदा फडक्याने पुसलं, तेव्हाच समजलो.

पाटी वाळत होती आणि दार उघडलं. नर्सबाई! जरा लंगडत होती. स्टुलावर बसून तिने जोडा काढला. पायाच्या करंगळीला पट्टी बांधलेली.

"काका, खरं सांगू का? मी माप इथे घेतलं आणि जोडा तिकडून मागवला, कर वाचवायला. तो चावतो. सैल होईल, सैल होईल म्हणून तीन महिने काढले. आता तिकडेही कर लागतो, तर म्हटलं निदान घालून बघून तरी घ्यावा. पण माप तुमचंच होतं हं, साडेसहा!"

मालकांनी तिचा पाय माझ्यावर ठेवला. "टाच मागे, टाच मागे." पट्टीवर साडेसहा. मालकांचा हात आपोआप मांडणीकडे गेला, त्याने सातचं खोकं काढलं. जोडा असा बसला की तिने डोळेच मिटले.

"पण हा तर सातचा आहे," खोकं बघून ती म्हणाली.

मालक खोक्याकडे बघत राहिले, मग आपल्या हाताकडे. मग खाली वाकून त्यांनी माझ्या वाटीत बोट फिरवलं. झिजलेला खळगा त्यांच्या बोटाला लागला.

"अगं ए, इकडे ये. मी किती वर्षं लोकांना अर्धा नंबर कमी सांगतोय!"

बाई आल्या, त्यांनी वाटी बघितली, करंगळी बघितली आणि पोट धरून हसायला लागल्या. "म्हणजे ज्यांनी ज्यांनी इथून फोटो काढून नेला... कर वाचवला आणि करंगळी चेपली!" नर्सबाईसुद्धा हसली. मालकांना मात्र हसू येईना.

"चेष्टा नाही ही," ते म्हणाले. "माणसं लंगडतायत आपल्यामुळे. त्यांना न सांगता कुलूप कसं लावू?"

"ज्यांनी तुम्हाला फसवलं, त्यांनाच सांगणार?"

"जोडा कुठून घ्यायचा ते त्यांचं. पाय मी मोजलाय."

मला तेव्हा तोंड असतं ना, तर काय बोललो असतो कोणास ठाऊक. चूक माझ्या झिजण्याची, आणि मालकांनी ती बिनतक्रार स्वतःवर घेतली.

त्यांनी ती पाटी उलटी केली आणि कोऱ्या बाजूला लिहिलं. बाईंनी मोठ्याने वाचलं म्हणून मला कळलं, "इथे माप घेऊन बाहेरून जोडे घेतले आणि ते चावत असतील, तर या. चूक आमच्या मापाची आहे. पाय पुन्हा मोजून देऊ."

पाटी बाहेरच्या भिंतीवर लागली. आधी एक आला, कानकोंडा होऊन. मग दोघी. मग शेजारच्या रस्त्यावरचे. सगळे ओशाळलेले, सगळ्यांची बोटं लाल. कोणी नुसतं खरं माप घेऊन गेलं, पुष्कळांनी जोडाही घेतला. पैसे दोन्हीकडे सारखेच जायचे, मग बसणारा जोडा का सोडा! पाटीची पहिली बाजू अजून भिंतीकडेच आहे.

मालकांनी माझ्या वाटीत चामड्याचा तुकडा चिकटवलाय. आता मी खरं सांगतो. पण त्यांचा हात जुना खोडकर. पट्टीवर सात दिसले की तो अजून साडेसातकडे जातो आणि टेबलामागून आवाज येतो, "अहो, सात! सात!" वही बाजूला ठेवून बाई खास तेवढ्यासाठी मान वर करतात.

सुताराचे, मालकांचे, मालकीणबाईंचे आणि लंगडत का होईना, परत आलेल्या प्रत्येक पायाचे माझ्यावर उपकार आहेत. जोडा कुठूनही घ्या, पण टाच मागे टेका, बोटं सैल सोडा. आता अर्धासुद्धा कमी सांगणार नाही.