परीक्षक बाई

“ताई!” भिंगरीने टेबलामागूनच हाक मारली आणि आनंदाने टाचा उंचावल्या.

विज्ञान प्रदर्शनाच्या त्या सभागृहात इतका गोंगाट होता, की हाक ऐकू आलीच नाही असं सहज दाखवता आलं असतं. पण परीक्षक म्हणून आलेल्या संशोधक बाईंच्या शेजारी त्यांच्या संस्थेचे संचालक उभे होते, आणि संचालकांचे कान भलतेच तिखट.

“ओळखीची आहे का?”

“छे हो,” बाई बोलून गेल्या. मग मुलीकडे वळून, “कुठल्या शाळेची गं तू?”

भिंगरीच्याच घरी बाई कितीतरी महिने गणित आणि विज्ञान शिकवायला जात होत्या. संस्थेत काम करणाऱ्याने शिकवण्या घ्यायच्या नाहीत असा नियम होता, आणि बाईंची नेमणूक कंत्राटी. दरवर्षी मुदतवाढीसाठी संचालकांच्या तोंडाकडे बघायचं. पण नियम हे एक निमित्तच; खरं तर बाईंना त्या शिकवणीची लाज वाटे. दिवसभर प्रकाशावर संशोधन करायचं आणि संध्याकाळी इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत समीकरणं सोडवून घ्यायची, यातली पहिली गोष्ट बाई सगळ्यांना सांगत. दुसरी कुणालाच नाही.

भिंगरीने टाचा हळूच खाली टेकल्या. तिने शाळेचं नाव सांगितलं आणि म्हणाली, “नमस्कार, मॅडम. सांगू प्रयोग?”

लेझरचा लाल किरण एका केसावर पडत होता आणि समोरच्या पुठ्ठ्यावर त्याचे पट्टे उमटले होते. पट्ट्यांमधलं अंतर मोजलं, की केसाची जाडी काढता येते. ही रीत बाईंनीच शिकवलेली. पण आजी, आई, आपण आणि पाळण्यातला भाऊ अशा सगळ्यांचे केस मोजून बघायचं डोकं भिंगरीचं होतं.

“आजीचा केस सगळ्यात जाड असेल असं वाटलं होतं मला, पांढरा झालाय ना! पण तो माझ्यापेक्षा बारीक निघाला.”

संचालक वाकून बघू लागले. “वा! कोणी शिकवलं तुला हे?”

भिंगरीने बाईंकडे पाहिलं. बाई एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरलं असतं. त्या हातातल्या गुणपत्रिकेची दुमडलेली कड सरळ करत राहिल्या.

“कोणी नाही,” भिंगरी म्हणाली. “पुस्तकात होतं.”

“आजीच्या केसाचं पण?”

“हो. सगळंच.”

“म्हणजे उतरवलंय.” संचालकांचा उत्साह मावळला. चार पावलं पुढे गेल्यावर ते बाईंना म्हणाले, “कल्पकतेचे दोन गुण बास झाले. काय?”

“हो सर,” म्हणत बाईंनी दोन लिहिले.

पहिल्या तिघांना सुट्टीत संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. ताई काम करतात ती खोली एकदा बघायचीच, असं भिंगरीने किती दिवस टुमणं लावलं होतं. त्या तिघांत ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई शिकवणीला गेल्या तेव्हा भिंगरी पुस्तक उघडून बसलेली होती.

“भिंगरी, काल मी...”

“तुमची नोकरी गेली असती. कळतं मला,” ती मान वर न करता पुटपुटली. “आईला काही सांगितलं नाहीये मी. हे गणित बघा ना, अडलंय.”

त्या समजूतदारपणाने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्या उठून बाहेर दुकानात आल्या. आई एका सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती.

“या ताई. तुमच्या पोरीचा नंबर हुकला की हो! परीक्षक कोण होतं विचारलं, तर तोंड उघडत नाही कार्टी.”

“परीक्षक मीच होते,” बाई म्हणाल्या.

आईचा हात थांबला. तिने इस्त्री उचलून उभी ठेवली. ती चिडेल, म्हणून बाईंनी मन घट्ट केलं. पण आईच्या चेहऱ्यावर नुसती काळजी दाटून आली.

“तुम्ही होतात? मग काहीतरी चुकलंच असणार तिचं. सांगा ना ताई, कुठे कमी पडली पोर?”

“कुठेच नाही,” बाई कशाबशा म्हणाल्या.

आईला काही उमगलं नाही. पदराला हात पुसत ती पुढचं ऐकायला उभी राहिली. आतल्या खोलीत भिंगरी अचानक मोठमोठ्याने गणित वाचू लागली.