दार लाव
संपादकांनी तो जुना सिनेमा माझ्याच गळ्यात मारला. माझ्या जन्माआधीचा. लोक तोंड लपवून बघायला जायचे, तसला. रेशमी गाऊन, एक खून आणि उठसूट पलंग. आता तो पुन्हा लागतोय, म्हणून संध्याकाळपर्यंत परीक्षण हवं होतं. हेडफोन नेमका बिघडलेला. म्हटलं, आवाज बारीक ठेवून जेवणाच्या टेबलावरच उरकून टाकू. समोर आई मटार सोलत होती.

"दार लाव," नायिका नायकाला हळूच म्हणाली. मी मुकाट्याने उठले आणि आमच्या घराचं दार लावून आले.

खुर्चीत टेकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर मला दामटणारा आवाज होता तो. आईचे कान लाल झाले होते.

"आई, ही तू आहेस?"

"हळू बोल." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे बाबा पडले होते. "त्या बाईचा आवाज चिरका होता, म्हणून मला बोलावलं. माइकपुढे उभी राहून बोलायचे."

"आणि हे बाकीचं?"

"जागच्या जागी धावायचं, म्हणजे धाप लागते. मुके आपल्याच मनगटाचे. घड्याळ काढून ठेवावं लागायचं, टिकटिक यायची."

मला हसू आवरेना. मग मात्र डोकं फिरलं. पुरस्कार नायिकेला, जुन्या परीक्षणांत कौतुक तिच्या आवाजाचं, आणि नामावलीत आईचा पत्ताच नाही.

"मी तुझं नाव छापणार."

"अजिबात नाही. तुझ्या बाबांना वाटतं, मी साबणाच्या जाहिराती करायचे. या वयात त्यांच्या मनात काही यायला नको."

सोललेले दाणे ती सालांच्या ढिगात टाकत होती. इतकी घाबरलेली आई मी कधी पाहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि मी सिनेमा बंद करायला गेले.

"राहू दे," बाबा म्हणाले. ते दारात उभे होते. खुर्ची ओढून ते आईशेजारी बसले आणि एक शेंग सोलायला घेतली.

"तुम्हाला कधी कळलं?" आईने विचारलं.

"लागला तेव्हाच. उतरेपर्यंत रोज जात होतो."

"रोज? ते सगळं बघायला?"

"बघतोय कशाला? डोळे मिटून बसायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू साबण म्हणालीस. वाटलं, तुला सांगायचं नसेल."

आईने पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पूर्ण नाव घाल."

परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत मी ते घातलं.

"पुढे खिडकीपाशी ती छान बोलते," बाबा म्हणाले. "आवाज जरा मोठा कर." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.