डाव्या पायडलवरचा ठोकळा

मित्रांनो, मी तीन चाकांची एक म्हातारी सायकल आहे. माझे वय मलाही ठाऊक नव्हते. ते मला दातांच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितले, आणि ते आठवले की आजही माझ्या चाकांच्या तारा थरथरतात.

माझा जन्म एका धुरकट कारखान्यात झाला. कारागिरांनी लोखंडी नळ्या पितळ वितळवून झाळून जोडल्या, बारीक तारा ओढून चाके विणली आणि त्यांवर भरीव रबर चढवले. आधी एका मुलाने मला दामटले, मग त्याच्या धाकट्या बहिणीने. पुढे दोघे मोठे झाले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. माझे नावही कोणी काढीना.

एके दिवशी त्या मुलाच्या मुलाने मला बाहेर काढले. तो आता पन्नाशीचा गृहस्थ होता. घर बदलायचे होते. जुन्या सायकली जमवणाऱ्या डॉक्टरबाई मला पाहायला येणार होत्या, म्हणून मला नव्याने रंगवायला त्याने लाल रंगाचा डबा उघडून ठेवला. माझ्या डाव्या पायडलवरचा ओबडधोबड लाकडी ठोकळा त्याच्या डोळ्यांत सलत होता. तो काढायला त्याने पाना लावला, तोच बाई दारात उभ्या राहिल्या.

"थांबा. आधी मला बघू द्या."

बाईंनी फरशीवर बसकण मारली. घोड्याचे वय दातांवरून कळते आणि सायकलचे सांध्यांवरून, असे म्हणून त्या हसल्या. पितळेचे जोड, तारांची चाके, हवेविना टायर; त्यांनी सगळे चाचपले आणि माझी ऐंशी उलटल्याचे सांगितले. मग नखाने रंगाचा पोपडा हळूच उचलला. वर निळा, खाली हिरवा. ठोकळ्यावर मात्र निळाच.

"सायकल हिरवी होती तेव्हा हा ठोकळा नव्हता," त्या म्हणाल्या. "निळी केली तेव्हा बसवलाय, दुसऱ्या कुणासाठी. त्या लेकराचा डावा पाय आखूड असणार."

जे मला जन्मभर सांगता आले नाही, ते या बाईंनी बोटांनी वाचले होते! मी थक्क झाले.

गृहस्थाच्या हातातला पाना खाली आला. त्याने आत जाऊन आत्याला, म्हणजे त्याच धाकट्या बहिणीला, आणले. ती भिंतीला धरून, लंगडत आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग बोलू लागली. पोरीला घरातच बसवा, पडली तर निस्तरायचे कोणी, असे सगळे सांगत होते. आईने ऐकून घेतले, मोडक्या खाटेचा खूर कापला आणि लेकीच्या पायाच्या मापाने घासून मला बसवला.

"चालताना सगळी पोरं मला मागे टाकायची," आत्या म्हणाली. "हिच्यावर बसले की माझी पाठ बघत यायची."

"तू कधी बोलली नाहीस," भाचा पुटपुटला.

"कुणी विचारलं नाही रे."

आत्याने मला आनंदाने डॉक्टरबाईंच्या हवाली केले. अट एकच, ठोकळा हलवायचा नाही. आज मी त्यांच्या दवाखान्यात उभी आहे, त्याच विटक्या निळ्या रंगात.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर काही विचित्र दिसले, तर ते उपटण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला हाक मारा. आम्ही लोखंडाच्या वस्तू, आणखी थोडे थांबू. माणसे थांबतीलच असे नाही.