नसलेल्या मावशीचा मुलगा

"तुम्ही पेशंटचे कोण?" वॉर्डच्या दारात सिस्टरने विचारलं आणि शिंपीकाकांनी मागे वळून कलमकडे पाहिलं.

खरं तर सिस्टरला हे विचारायची काहीच गरज नव्हती. मास्तरांना झटका आल्यापासून हा म्हातारा रोज भेटीच्या वेळी सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहायचा. मास्तरांची दाढी करायचा, नखं कापायचा आणि बोलता न येणाऱ्या माणसाशी भेटीची वेळ संपेपर्यंत गप्पा मारत बसायचा. याच सिस्टरच्या गणवेशाची घट्ट झालेली बाही त्याने घरी नेऊन सैल करून आणली होती. पण आज विचारायचं असं तिला वरून सांगितलं होतं. विचारताना ती दाराच्या कडीकडे बघत होती.

मग कलम पुढे झाली.

"हे त्यांचे जोडीदार आहेत," तिने ठणकावून सांगितलं.

"मग नाही सोडता येणार," सिस्टर म्हणाली. "भावाने लेखी दिलंय. रक्ताचं नातं सोडून कुणालाही आत घ्यायचं नाही." आणि आवाज खाली आणून काकांना म्हणाली, "मावसभाऊ होतात तेच बरं होतं हो."

दार लागलं. आत मास्तर होते. सकाळीच त्यांना दुसरा झटका आला होता, आणि कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या असं डॉक्टर भावाला सांगून गेले होते. वॉर्डातल्या आयाबाईने चोरून फोन केला म्हणून काकांना कळलं तरी. नाहीतर कोण कळवतंय!

कलम हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. लॉ कॉलेजचं शेवटचं वर्ष. कँटीनमध्ये चहा गार आला तरी अमुक कलमाखाली तक्रार करते म्हणायची, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, आणि मनातून तिला ते आवडायचं. सायकल स्टँड आणि पाण्याचे नळ यांच्या मधल्या खोलीत विद्यार्थ्यांचं मोफत कायदा सल्ला केंद्र होतं. सही सरांची, धावपळ पोरांची. घरमालकाने पाणी तोडलेले, कामावरून काढलेले लोक तिथे पहिल्यापासून यायचेच. कलमने हट्टाने त्यात भर घातली. मुलावर प्रेम करतो म्हणून बापाने घराबाहेर काढलेला पोरगा, एकत्र राहतात म्हणून खोली सोडायला लावलेल्या दोघी बाया, कागदोपत्री पुरुष आणि जगायला बाई अशी एक रिसेप्शनिस्ट. कॉलेजात काहींनी नाकं मुरडली, भिंतीवरचं पोस्टर दोनदा कुणीतरी फाडलं. बाईसाहेबांनी कुणाला भीक घातली नाही.

शिंपीकाका तिथे आले ते गळ्यातली टेप काढायला विसरून. शाळेतले चित्रकलेचे मास्तर आणि ते, दोघांनी उभी हयात दुकानामागच्या एका खोलीत काढली होती. आता मास्तर अंथरुणाला खिळले होते आणि त्यांचा धाकटा भाऊ त्यांना आपल्या गावी हलवायचं म्हणत होता. "तिकडे नेलं की मला दिसायचे नाहीत ते," काका म्हणाले. "तेवढं थांबवता आलं तर बघा." मागणं एवढंच होतं.

आणि तुम्ही त्यांचे कोण, असं कलमने विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, मावसभाऊ. सांगून स्वतःच हसले. कारण दोघांच्याही आईला बहीण नव्हती. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकिणीने हाच प्रश्न विचारला होता. मास्तरांची तर बोबडीच वळली. काकांच्या तोंडून निघून गेलं, मावसभाऊ. झालं! गल्ली त्या मावशीच्या मागेच लागली. मावशी कशा आहेत, मावशींना आणा की एकदा, मावशींचे गुडघे काय म्हणतात. शेवटी कंटाळून दोघांनी मावशीला मारून टाकलं, तर आख्खी गल्ली समाचाराला दारात. मास्तर इतके रडले, इतके रडले, की काकांनाही क्षणभर वाटलं, होती की काय खरंच.

पोरं हसून बेजार झाली. त्या दिवसापासून काका केंद्राचे लाडके झाले.

अर्ज लिहायला बसल्यावर गाडी एका शब्दाशी अडली. सहचर म्हटलं की पुस्तकातला वाटतो, पार्टनर म्हटलं की दुकानातला, आणि मित्र लिहावं तर न्यायाधीश विचारणार, मित्राचा कसला आलाय हक्क? आख्खी दुपार पोरं त्या शब्दावर भांडत होती आणि टायपिस्ट की-बोर्डवर बोटं ठेवून बसून होती. टायपिस्ट म्हणजे कलमची रूममेट, भराभर टाइप करायची म्हणून टायपिस्ट. शेवटी जोडीदार ठरलं. तेवढ्यात कोपऱ्यातून काका म्हणाले, मावसभाऊ लिहिलं तर नाही का चालणार?

"काका, हे प्रतिज्ञापत्र आहे," कलम म्हणाली. "शपथेवर खोटं नाही लिहिता येत."

"खोटं कुठे? सगळे तेच म्हणतात."

मग तिने त्यांना नीट समजावून सांगितलं. मावसभावाला कोर्टाकडे काही मागता येणार नाही, सख्ख्या भावापुढे त्याचं काय चालणार. जोडीदार म्हणून मागता येईल. शिवाय एकदा हा शब्द कोर्टाने उचलला की मागून येणाऱ्या कितीतरी जणांची वाट मोकळी होईल. यातलं एक अक्षरही चूक नव्हतं, आणि तेच तर वाईट झालं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदा तिच्याकडे, एकदा टायपिस्टकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही दोघी एका खोलीत राहता ना? घरी काय सांगितलंय?"

दर रविवारी कलमची आई फोनवर विचारायची, रूममेट कशी आहे गं तुझी? आणि ती म्हणायची, मजेत. टायपिस्टने मान खाली घातली. काकांनी जास्त ताणलं नाही. कुठे सही करायची ते विचारलं आणि ठसठशीत अक्षरात सही केली. जो शब्द आपल्याच घरी आपल्याला उच्चारता येत नाही तो आपण या म्हाताऱ्याकडून शपथेवर लिहून घेतला, हे तिला त्याच रात्री टोचायला लागलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कागद कोर्टात गेला. कोर्टाने नोटीस काढली, आणि सुनावणीला सुट्टीनंतरची तारीख दिली.

आणि आज हे असं.

कलमने भावाला सगळीकडे शोधलं. तो तळमजल्यावर औषधांच्या दुकानाशेजारी बाकावर बसला होता. बारकासा, थकलेला माणूस, डोळे सुजलेले. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवूनच ती आली होती. रुग्णाचे हक्क, माणुसकी, कलम अमुक, कलम तमुक, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

"झालं तुमचं?" तो मग म्हणाला. "माझ्या आईला बहीण होती की नव्हती, हे मला ठाऊक नसेल होय? सगळं ठाऊक होतं. मी कधी अडवलं? मावशी गेली असं त्यांनी कळवलं तेव्हा मीसुद्धा येऊन गेलो समाचाराला. म्हणजे माझीच मावशी, आणि मीच समाचाराला!"

तो औषधांच्या दुकानाकडे बघत पुढे सांगू लागला.

"तुमचा कागद घरी आला तेव्हा जावयाचे आईवडील बसले होते. जावयाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. दादांचं नाव, पुढे तो शब्द. माझी पोर उठून आत गेली." त्याने खिशातून रुमाल काढला, तसाच हातात धरून ठेवला. "आता मी त्यांना वर सोडलं तर मी ते मान्य केलं असं होतं. मावसभाऊ होते तोवर मला काही मान्य करायला लागत नव्हतं."

ती त्याच्या हातापाया पडली. खरोखरच पडली, आल्यागेल्यांच्या देखत फरशीवर बसली. कोर्टात युक्तिवाद कसा करायचा हे तिला शिकवलं होतं, गयावया कशी करायची ते कुणी शिकवलं नव्हतं, पण ते न शिकताच जमलं. भाऊ गडबडला. तिला उठवून म्हणाला, मग त्यांच्याकडून तसं लिहून द्या. की आपण मास्तरांचे मावसभाऊ आहोत, अर्ज मागे घेतो, अर्जातला मजकूर गैरसमजातून लिहिला गेला. एवढं द्या, आणि जाऊ दे त्यांना वर. माझीही काही हरकत नाही.

काका जिन्याखालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत मास्तरांचा नवा शर्ट होता, आदल्या रात्री काजं करून पुरा केलेला. टायपिस्ट त्यांच्याशेजारी होती. कलमने मान वर न करता सगळं सांगितलं.

"आणा की मग," काका म्हणाले. "सही कुठे करू?"

"काका, एकदा विचार करा. अर्ज मागे घेतला तर पुन्हा आपल्याला…"

"बाई, मास्तर वर आहेत."

तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. टायपिस्टच्या वहीचं पान होतं ते. गैरसमज या शब्दाशी तिचं पेन थांबलं, पण थांबायला सवड कुणाला होती? काकांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली.

"गैरसमज बराच टिकला म्हणायचा," ते म्हणाले आणि सही केली.

लिफ्टपुढे स्ट्रेचर लागलेले. म्हणून जिन्याने निघाले. भाऊ पुढे गेला होता, सिस्टरला सांगून ठेवतो म्हणून. काकांचे गुडघे कुरकुरत होते, कलम एका बाजूला आणि टायपिस्ट दुसऱ्या बाजूला. प्रत्येक वळणावर काका थांबायचे आणि थांबल्याबद्दल दोघींची माफी मागायचे. मास्तरांना काय सांगायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. म्हणणार होते, उशीर झाला, गिऱ्हाईक सोडेना.

वॉर्डचं दार या वेळी उघडं होतं. भाऊ बाहेर भिंतीला डोकं टेकून उभा होता.

"आत्ताच," सिस्टर म्हणाली. "आत्ताच हो, काका."

भावाने हात पुढे केला तेव्हा कलमला वाटलं, त्याला आधार हवाय. त्याने तिच्या हातातली चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. "असू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "घरी दाखवायला लागेल." आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्याचं रडणं खरं होतं, आणि चिठ्ठी खिशात ठेवणंही खरं होतं. कलमला त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

काका रडले नाहीत. त्यांनी पिशवीतून शर्ट काढून सिस्टरला दिला आणि मास्तरांचं तोंड पुसलंय का, एवढंच विचारलं.

सगळे सोपस्कार उरकेपर्यंत दुपार कलली. गाडी मागच्या अंगणात लागली होती, भाऊ मास्तरांना आपल्या गावी नेणार होता. नेऊ नका म्हणायला आता कुणाच्या हातात काही नव्हतं. अंगणात माणसं मोजकीच. नसलेल्या मावशीसाठी आख्खी गल्ली लोटली होती, मास्तर गेले तर गल्लीला कळवायचंही कुणाला सुचलं नव्हतं. मास्तरांना आत ठेवलं. भाऊ चढला, फोनवर बोलत बोलत जावई चढला. काका पायरीपाशी आले तसा ड्रायव्हर आडवा झाला.

"मागे घरचीच माणसं बसतील. हे बाबा कोण?"

भाऊ बुटाच्या नाडीकडे बघत राहिला. जावयाचं फोनवरचं बोलणं थांबलं. काकांनी रिकामी पिशवी छातीशी धरली, आणि सकाळी पाहिलं होतं तसंच मागे वळून कलमकडे पाहिलं. टायपिस्ट तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"मावसभाऊ आहेत त्यांचे," कलम म्हणाली. "सख्खे मावसभाऊ."

"मग या की, बाबा," ड्रायव्हर म्हणाला आणि हात देऊन त्यांना वर घेतलं.

जावई सरकला. काका मास्तरांच्या डोक्याशी बसले. त्यांनी चादर जरा खाली केली. सिस्टरने शर्ट घातला होता, पण वरचं बटण लावायचं राहिलं होतं. शाळेला निघताना मास्तर रोज तेच विसरायचे. काकांनी कॉलर सारखी केली, बटण लावलं आणि हात तिथेच ठेवला. मग ड्रायव्हरने दार लावून घेतलं.